उणे नऊ अंशांचं पाणी

खिडकीबाहेर उणे नऊ अंश तापमान होतं, आणि बाहेरच्या कठड्यावर ठेवलेल्या मृणूच्या बाटलीतलं पाणी मात्र सकाळपासून खुशाल न गोठता राहिलं होतं.

"मिठू, तुझा तापमापक बिघडलाय," मृणू म्हणाली.

"मी ठीक आहे. पाणीच हट्टी आहे," यंत्रमानव मिठू म्हणाला.

शकूआजींना हसू आलं, पण ओठांपर्यंतच. लडाखमधल्या त्यांच्या हवामान केंद्राचा स्वयंपाकी स्तान्झिन आत तापाने फणफणला होता. औषध आणणारं ड्रोन खिंडीवरच्या ढगात शिरलं आणि पंखांवर बर्फ चढून माघारी फिरलं. दुसरं तयार होतं, पण ढग हलत नव्हता. अंधार पडायच्या आत इंजेक्शन हवंच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सुट्टीत आजीकडे आलेल्या मृणूने वैतागून बाटली आत घेतली आणि टेबलावर आपटली. टक्! पाण्यात वरून खाली पांढरी लाट सरसरत गेली आणि बाटली बर्फाच्या सुयांनी भरली.

"आजी! हे काय गं?"

"पाणी कसं भरलंस?"

"घरच्यासारखं. उकळून, फडक्यातून गाळून, मग मिठूच्या गाळणीतून पुन्हा तीनदा."

"तिथंच गोम आहे! गोठताना पाण्याचे रेणू (पाण्याचे सर्वांत लहान कण) रांगोळीच्या ठिपक्यांसारखे नीट रांगेत बसतात. पण सुरुवात करायला धुळीचा एखादा कण लागतो. तू तोही ठेवला नाहीस. म्हणून हे झालं अतिशीत पाणी (गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच राहिलेलं पाणी). हादऱ्याने थोडे रेणू जागेवर बसले, की बाकीचे धावत येऊन चिकटतात."

बोलता बोलता आजींना मालवणच्या स्वयंपाकघरातलं पितळी पातेलं आठवलं. आई साखरेच्या घट्ट पाकात दोरा सोडून ठेवायची. आठवड्याने दोऱ्यावर खडीसाखर लगडलेली असायची. साठ वर्षं झाली, तरी त्या दोऱ्याचं नवल ओसरलं नव्हतं.

"खिंडीतल्या ढगाचे थेंबही अतिशीत आहेत," त्या म्हणाल्या. "पंख लागला की तिथेच गोठतात."

मृणू बाटलीकडे बघत राहिली. "मग ड्रोनच्या आधी दुसरंच काही ढगात टाकलं तर? त्याच्यावर गोठतील ना?"

आजी थबकल्या. पन्नास वर्षं ढगांत घालवली, आणि आज काळजीपोटी हेच सुचलं नव्हतं! कपाटात ढगांत फवारायच्या सिल्व्हर आयोडाइडचं एक नळकांडं होतं. "याच्या कणांची ठेवण थेट बर्फासारखी. पाणी फसतं."

"पण एकच आहे. नेम चुकला तर?"

"नेम मी धरणार आहे," मिठू म्हणाला.

"म्हणूनच विचारलं!"

मिठूने नळकांडं केंद्रातल्या छोट्या रॉकेटला बसवून सोडलं. ढगाच्या माथ्यावर कण विखुरले. दहा मिनिटं झाली, काहीच नाही. मृणूने आजींचा हात घट्ट धरला. मग खिंडीत बर्फ भुरभुरू लागला. थेंबांचे हिमकण होऊन खाली उतरत होते, आणि ढगाला हळूहळू निळी खिडकी पडत होती.

त्या खिडकीतून ड्रोन आलं. पंख स्वच्छ होते.

इंजेक्शननंतर दोन तासांनी स्तान्झिनने डोळे उघडून चहा मागितला. आजींनी निरीक्षणवहीत लिहिलं: 'कल्पना: मृण्मयी, वय अकरा.'

"आजी, प्रत्येक ड्रोनने आपली वाट आपणच मोकळी केली तर? कण किती लागतील?"

आजींनी वहीचं कोरं पान तिच्यापुढे सरकवलं. "मांड गणित."