दलदलीच्या पातळीचं गाणं

स्मृतिदर्शकाच्या पडद्यावर हिरवा ठिपका लखलखला आणि शाल्मली भोयर ओरडलीच, "अगं बाई, ऐकतोय तो!"

मेंदूज्वरानं तिच्या धाकट्या भावाची, यज्ञेशची, सगळी स्मृती धुऊन नेली होती. स्वतःचं नाव नाही, आई नाही, काही म्हणजे काही नाही. नागपूरच्या या प्रयोगशाळेत डॉक्टर हेमांगी खरपुडे यांना शोधून शोधून एकच आठवण जिवंत सापडली: लहानपणी ताईशेजारी बसून खेळलेला एक व्हिडिओ गेम. त्यातल्या मूळ टिंगटिंग संगीतानं ठिपका जेमतेम थरथरला होता. पण शाल्मलीचा मेटल बँड 'घणघाव' त्याच गेममधल्या गाण्यांचा अल्बम करत होता. त्यातलं दलदलीच्या पातळीचं, म्हणजे गेममधल्या दलदलीच्या टप्प्याचं, गाणं तिनं मोबाइलवर लावलं, आणि हा चमत्कार झाला.

"रोज वाजवू!" शाल्मली म्हणाली.

"थांब जरा," हेमांगी म्हणाल्या. "आठवण म्हणजे कपाटातला फोटो नव्हे. काढली की ती मऊ होते, आणि परत घट्ट होताना आत्ताचं काहीबाही तिला चिकटतं. तेवढं जुनं पुसलं जातं. याला आम्ही पुनर्लेखन म्हणतो."

"म्हणजे त्याला मूळ गाण्याऐवजी आमचं आठवेल, एवढंच ना? आठवू द्या की! आमचं जास्त भारी आहे."

हेमांगींना हसू आलं.

आता ही मेटलवाली मंडळी महाहट्टी. मोबाइलवर भागत होतं की! पण सख्ख्या भावाला रेकॉर्ड ऐकवायची? छे! वाजवायचं तर समोर, घाम गाळून. तेवढा दणका रुग्णाला सोसणार नाही म्हणून बँड काचेपलीकडे, आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत हेमांगी, त्याचा हात हातात घेऊन. शाल्मली मान खाली घालून गिटार झोडायची. भाऊ ऐकतोय, याच आनंदात ती होती.

अल्बम पुरा झाला त्या दुपारी यज्ञेश पहिल्यांदा बोलला. हेमांगींकडे बघून हसला आणि म्हणाला, "ताई."

शाल्मली धावत आत आली. "अरे वेड्या, मी! मी तुझी ताई!"

त्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"गाणं वाजताना शेजारी बसलेली ती ताई, असंच त्या आठवणीत होतं," हेमांगी म्हणाल्या. "आणि रोज शेजारी मी बसले. गाण्याचा विचार केला, खुर्चीचा केलाच नाही. माझं चुकलं गं."

"मग आता मी बसते. होऊ दे परत पुनर्लेखन!"

"जुनं दर वेळी झिजतं, शाल्मली. तुझा चेहरा त्यात उरलाय की नाही, देव जाणे."

ती ऐकते कसली! खुर्चीत बसली, यज्ञेशचा हात घट्ट धरला. हेमांगींनी रेकॉर्ड लावली. ठिपका पुन्हा लखलखला, यज्ञेशचा चेहरा खुलला. मग त्यानं तिच्याकडे वळून पाहिलं आणि हळूच हात सोडवून घेतला.

"अहो," तो अगदी अदबीनं म्हणाला, "तुम्ही जरा उठता का? तिथे माझी ताई बसते."