कड्यावरचा नरक्या

नरक्याच्या झाडाची पिकलेली फळं आणायची, एवढ्याचसाठी ही मोहीम होती. पण ती नेमकी कुठे मिळतील, हे खात्रीने कुणालाच सांगता येत नव्हतं.

१९९७ सालची दिवाळी नुकतीच उरकली होती. सांगलीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे राजरत्न सर आणि त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी विट्याची उत्कर्षा, वनखात्याची परवानगी घेऊन शिराळ्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या शेवटच्या वाडीत पोचले. नरक्याच्या खोडात आणि मुळांत एक अल्कलॉइड, म्हणजे विषारी रसायन, असतं. त्यापासून कॅन्सरवरची औषधं होऊ लागली आणि सह्याद्रीतली झाडं मुळासकट उपटली जाऊ लागली. सरांना बियांपासून रोपं तयार करायची होती. झाड शेतात वाढवता आलं, तर जंगलातलं वाचेल असं त्यांना वाटत होतं.

वाडीतला बिराप्पा वाट दाखवायला पुढे झाला. पहाटेच्या पावसाने कारवीची दाट झुडपं ओलीचिंब होती आणि पायवाट पार निसरडी झाली होती.

"शेरडं त्या झाडाला तोंड लावत न्हाईत बगा," चढता चढता बिराप्पा म्हणाला.

"झाडाला पळता येत नाही ना, मामा," सर धापा टाकत म्हणाले. "खाणाऱ्याला बाधेल असं काहीतरी ते अंगातच तयार करतं. तेच विष बेताने दिलं की रोग्याच्या कामाला येतं."

दुपारी ते सपाटीवर पोचले आणि बिराप्पा थबकला. समोर नुसते खड्डे होते आणि तुटक्या मुळांचे वाळलेले तुकडे.

"गेल्या साली हितं समदी झाडं उभी हुती," तो खाली बसत म्हणाला. "मी तुमास्नी उगाच आणलं."

उत्कर्षा कड्याच्या टोकापर्यंत गेली आणि पालथी झोपून खाली बघू लागली. बऱ्याच खाली मातीचा एक अरुंद टप्पा होता. त्यावर एकच नरक्या वाऱ्याला अंग देत उभा होता आणि त्याच्या फांद्यांवर जांभळी फळं लगडली होती!

"सर, मी उतरते. तिघांत वजनाने मीच हलकी आहे."

सर क्षणभर घुटमळले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने नायलॉनचा दोर तिच्या कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. दोराचा वेढा बिराप्पाने जवळच्या अंजनीच्या झाडाच्या बुंध्याला घेतला. ती उतरली. खडक शेवाळलेला होता, पायाखाली नुसती दरी. टप्प्यावर पाय टेकल्यावर तिने खांद्यावरची पिशवी पुढे घेतली. मग तिने फळं खुडायला सुरुवात केली. पिशवी भरत आली, तशी थोडी फळं तिने पाखरांसाठी फांदीवरच ठेवली.

"मुळाची थोडी साल मिळते का बघ," वरून सरांचा आवाज आला. "त्यात औषध किती आहे ते तपासू."

तिने कमरेचं खुरपं काढून चालवलं. एक घाव. दुसरा घाव. आणि पायाखालची माती सरकली!

अर्धा टप्पा घसरत दरीत गेला. उत्कर्षा दोराला लोंबकळली. तिने हात फेकला, नरक्याचा बुंधा हाताला लागला, तिने तो कवटाळला. झाड हाललं, पण उपटलं नाही. त्याची मुळं खडकाच्या भेगांत खोल शिरली होती. उरलेली माती त्यांनीच धरून ठेवली होती.

"ताई, हालू नगा!" बिराप्पा ओरडला. सरांनी पुढे झेप घेऊन दोर पकडला. त्यांचा पाय दगडावरून निसटून मुरगळला, तरी दोर त्यांनी सोडला नाही.

श्वास थोडा ताळ्यावर आल्यावर तिने खुरपं कमरेला खोचलं. "मूळ नको, सर," ती वर बघून म्हणाली. "हे तोडलं तर झाडही जाईल आणि टप्पाही."

"राहू दे. माझंच चुकलं. तू वर ये."

ती वर आली तेव्हा सरांचा घोटा सुजून टम्म झाला होता. बिराप्पाने त्यांना पाठुंगळी घेतलं. उत्कर्षा पुढे होऊन काठीने पायवाट चाचपत राहिली. जिथे जास्त निसरडं होतं तिथे ती वळून दोघांना हात देई. ऊन कलताना वाडीतली घरं दिसली आणि तिघंही एकदमच हसले.

बिराप्पाच्या बायकोने, साळूबाईने, सरांचा पाय ऊन पाण्यात सोडायला लावला आणि सगळ्यांना गरम भाकरी वाढली. उत्कर्षा आधी ओढ्यावर गेली. फळांचा गर धुऊन तिने बिया सुट्या केल्या. त्या पसरायला साळूबाईने आपल्या जुन्या लुगड्याचा धुवट तुकडा फाडून दिला.

"एवढ्या बारक्या बियांपायी जीव टांगणीला लावला व्हय गं?" ती म्हणाली, आणि बिया अलगद पसरू लागली.

सांगलीला परतल्यावर उत्कर्षाने त्या महाविद्यालयाच्या बागेत मातीच्या पिशव्यांत पेरल्या. त्या बियांनी फार वाट बघायला लावली. सर लंगडणं विसरले, उन्हाळा आला. एका सकाळी झारीने पाणी घालताना उत्कर्षाला एका पिशवीत माती फुगलेली दिसली. एक वाकडा हिरवा कोंब, बीचं टरफल डोक्यावर घेऊन, वर येत होता.

तिने सरांना लगेच हाक मारली नाही. आधी थोडा वेळ ती एकटीच त्या कोंबाजवळ बसून राहिली.