जिंतूर रोडवरची सोबत

मॅरेथॉन म्हणजे पायांचं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा जिंतूर रोडला पळून बघावं. डॉक्टर म्हणाले साखर वाढलीय, आमच्या शाळेतल्या नागनाथ सरांनी स्पर्धेचं खूळ डोक्यात भरवलं, आणि मी दर रविवारी उजाडता उजाडता परभणीहून झरीच्या दिशेनं निघायला लागलो. दोन्हीकडं कापूस नाहीतर तूर, मधे डांबर. पाय बिचारे काही म्हणत नाहीत. डोकंच कंटाळतं आणि घरी चल म्हणून मागं लागतं.

गाणी मला चालत नाहीत. मागून ट्रक आला तर कळायला नको? गणिताचा मास्तर, म्हणून आधी पाढे म्हणून पाहिले. एकोणतीसचा सरळ, मग उलटा. गाड्यांच्या नंबरांचे अवयव पाडले. शेवटी वैतागून सुनेत्राला सोबत घेतलं. बायकोला, मनातल्या मनात. ती घरात बोलायला सापडते कुठं? सकाळी डबे, मग तिची शाळा, संध्याकाळी माझ्या ट्यूशन. रस्त्यावर मात्र ती माझ्या शेजारून पळायची, पदर खोचून, पायात घरातल्याच स्लिपर, आणि पाथरीच्या माहेरच्या गमती सांगायची. तिची वाक्यं मीच रचायचो म्हणा. पण झरी कधी यायची ते कळायचं नाही. लग्नानंतर एवढ्या गप्पा आम्ही कधी मारल्या नव्हत्या.

दिवाळीनंतर एका रविवारी पळून आलो तर ती ओट्याला टेकून उभी.

"पोटऱ्या लय भरून आल्यात हो," म्हणाली.

"काल शाळेत उभं राहावं लागलं असेल," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी चहा देता देता तिनं विचारलं, "झरीच्या अलीकडची ती रसवंती पाडली का?" त्या रस्त्याला ती कित्येक महिने गेली नव्हती. पाडलेली रसवंती मी त्याच सकाळी पाहिली होती. कुणीतरी बोललं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. स्वतःची समजूत काढण्यात मी फार हुशार माणूस.

मग तिच्या टाचा फुटल्या. भेगांमधे काळं बसलेलं, घासून जाईना. नखानं थोडं काढून मी वास घेतला. डांबर होतं. मोरीजवळच्या तिच्या स्लिपर टाचेला कागदासारख्या पातळ झाल्या होत्या.

"तुला काय व्हायलंय गं?"

"काय की. निजून उठले तरी दम लागलेला. तुमी पळून यायलाव अन् मीच दमायले."

आता समजूत काढायला काही उरलं नव्हतं. पळणंच सोडावं हे मात्र सुचलं नाही. स्पर्धा तोंडावर आली होती. ठरवलं एवढंच, की हिला न्यायचं नाही. पाढेच म्हणायचे.

त्या रविवारी धुकं होतं. पाढा निम्म्यावरही गेला नव्हता, तर शेजारी स्लिपरचा चटचट आवाज सुरू झाला. मी तिला बोलावलं नव्हतं. ती काही बोलतही नव्हती. नुसती धापा टाकत होती, आणि ती धाप मी रचलेली नव्हती. मान वळवून बघायची माझी छाती झाली नाही.

झरी मागं पडली तरी मला थांबता येईना. तेवढ्यात जिंतूरकडून परभणीला चाललेली काळीपिवळी जीप दिसली. हात केला, आत घुसलो, दार ओढून घेतलं. मागच्या काचेतून पाहिलं. रस्ता मोकळा. सुटलो बाबा, म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असेन. शेजारची म्हातारी माझ्याकडं बघायला लागली.

घरी ऊन पार आतपर्यंत आलेलं आणि सुनेत्रा अजून अंथरुणातच. डोळे मिटलेले.

"तुमी जीपमधे बसलाव," ती म्हणाली. "मला हाक तर मारायची."

त्यानंतर ती उठली नाही. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, ईसीजी झाला. सगळं ठीक. फक्त नाडी पळत्या माणसाची. पडल्या जागी ती वाळत चाललीय. पाणी मागते, पिते, डोळे मिटते. चादरीखाली पोटऱ्या थरथरत राहतात.

आता मी रोज जातो. रविवारची वाट बघत नाही. जीप थांबली होती तिथं उभा राहतो आणि तिला डोळ्यांपुढं आणायची खटपट करतो. पदर, स्लिपर, आवाज. काही म्हणजे काही येत नाही. डोक्यात नुसता पाढा. तिथंच रडतो मी, आता लाज कसली.

"कुठपर्यंत गेलीस?" घरी येऊन विचारतो.

आधी बोरी म्हणाली. मग जिंतूर.

"माघारी फिर गं. मी झरीला थांबतो."

"मागं रस्ताच नाही हो."

परवा म्हणाली, "आता कापूस नाही, तूर नाही. नुसती पांढरी जमीन."

काल दुपारी तिची धाप एकाएकी बसली. श्वास संथ झाला. माझ्या जिवात जीव आला.

"थांबलीस का?"

"नाही. सोबत मिळाली."

"कुणाची?"

"काय की. बाजूनंच पळायलंय. लय बोलतंय. वेळ कसा जायलाय कळंना."

"काय बोलतंय?"

मी कानाशी वाकून पुन्हा विचारलं. खांदा हलवला. ती मन लावून ऐकत होती, माझं नव्हे.

मग ती हसली. डोळे मिटलेलेच, पण अगदी पोटातून, लाजत लाजत हसली. मला ते हसू ओळखीचं नव्हतं.

चादरीखाली तिचे पाय जोरात चालायला लागले.