पालथा चमचा

धाकटी वर्तमानपत्रात हॉटेलांवर लिहायची. पन्नाशी उलटली होती, तरी घरीदारी आणि कचेरीतसुद्धा सगळे तिला धाकटीच म्हणत, कारण थोरल्या बहिणीला सोडून ती कधी कुठल्या हॉटेलात गेली नव्हती. लेखाखाली नाव हिचं, पण जेवायला दोघी. ताई गमतीने म्हणायची, "तू लिहितेस म्हणून मी जेवते, आणि मी जेवते म्हणून तू लिहितेस."

हॉटेलवाल्यांनी ओळखलं, की खास आपल्यासाठी वेगळं शिजवून आणतात. म्हणून टेबलावर पदार्थाविषयी चकार शब्द काढायचा नाही, असा दोघींचा नेम होता. सगळं बोलणं चमच्यावर चालायचं. ताईने चमचा उताणा ठेवला तर खुशाल खावं. पालथा ठेवला तर तोंडात घालू नये. ताईचं नाक असं तिखट, की धाकटीचा घास ओठापर्यंत जायच्या आत समोर टक असा आवाज व्हायचा आणि चमचा पालथा पडलेला असायचा. इतक्या वर्षांत तो चमचा एकदाही चुकला नव्हता.

मागच्या हिवाळ्यात ताई गेली. पोटाचं दुखणं होतं. डॉक्टरांनाही त्याला धड नाव देता आलं नाही. पाठोपाठ धाकटी तापाने अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण जाताना जीभ आणि नाक दोन्हींवर बोळा फिरवून गेला. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी, आणि पाव म्हणजे ओला कापूस. हॉटेलांवर लिहिणाऱ्या बाईची चवच गेली, हे कळलं असतं तर संपादकांनी दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची दुसऱ्याला दिली असती. मग ती आजूबाजूच्यांचे चेहरे वाचून लिहू लागली. कोण दुसऱ्यांदा मागवतं, कोण पाण्याचा ग्लास लवकर उचलतं, यावरून ताशेरे आणि कौतुक बेतायचं. मनातून तिला याची फार लाज वाटे.

हे गुपित तिने फक्त ताईच्या नवऱ्याला सांगितलं होतं. भाऊजी दर रविवारी संध्याकाळी भाज्यांचं सूप करून डबा घेऊन येत, समोर बसून तिला प्यायला लावत आणि मगच घरी जात. स्वतः घोटभरही घेत नसत, म्हणत, "माझं जेवण झालंय गं." सख्खा भाऊ एवढं करणार नाही, असं धाकटीला वाटे. तापानंतरचा अशक्तपणा काही हटत नव्हता, पण एकट्या बाईला कुणीतरी विचारतंय, हेच तिला पुष्कळ होतं.

त्या रविवारी दुपारी ती एका तळघरातल्या हॉटेलात गेली. दारात लोक ताटकळत उभे होते. आत भर दुपारी दिवे, तेही मिणमिणते, आणि भिंतींना ओल धरल्यासारखा गारवा. सवयीने तिने दोघांचं टेबल मागितलं होतं.

"दुसऱ्या बाई यायच्यात का?" वेटरने विचारलं.

"नाही... पण राहू दे मांडलेलं."

लिंबाच्या रश्श्यातला मासा आला. वाफेने तिचा चष्मा धुरकटला. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या जोडप्यानेही तोच मासा मागवला होता. त्यांचे चेहरे बघू आणि लिहू, असा विचार करून तिने चष्मा पुसायला घेतला.

टक.

समोरच्या रिकाम्या जागेवरचा चमचा पालथा पडला होता. टेबलाला धक्का लागला असेल, असं म्हणून तिने तो उताणा केला. मग रुमाल उचलायला वाकली, तर पुन्हा टक. वर पाहिलं, चमचा पालथाच. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरीही तिने चमच्यात घास घेतला आणि हात उचलला. मनगटावर एक गार बोट टेकलं. ओळखीचं बोट... सुईकामाने टोकाला खरखरीत झालेलं. आणि तिच्या हातातला चमचा हळूहळू पालथा झाला. रस्सा टेबलावर सांडला.

"तो मासा खाऊ नका!" ती शेजाऱ्यांवर जवळजवळ ओरडलीच.

सगळं हॉटेल वळून बघू लागलं. शेफ तणतणत बाहेर आला. त्याने मासा मोडला, नाकाशी नेला आणि त्याचा चेहराच उतरला.

"आतून गेलाय हो... लिंबाखाली वास दबला होता. बाई, तुम्हाला न चाखता कसं कळलं?"

"माझ्या बहिणीला कळलं," धाकटी म्हणाली. शेफने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि शेजारच्या टेबलावरचा मासाही उचलून नेला.

घरी येईपर्यंत तिचे डोळे वाहत होते. भीती केव्हाच विरून गेली होती. मेल्यावरही आपल्या ताटावर कुणाचं लक्ष आहे, याहून मोठी माया कुठली? "तुझे उपकार कसे फेडू गं ताई," ती वाटेभर पुटपुटत राहिली. घरी आल्यावर तिने जेवणाचं टेबल पुसलं, आणि आज पहिल्यांदा समोरच्या खुर्चीपुढेही एक चमचा मांडला. उताणा.

दिवेलागणीला भाऊजी डबा घेऊन आले. त्यांनी वाटीत सूप ओतलं, तिच्यापुढे सरकवलं आणि बाजूच्या खुर्चीवर बसले.

"चव आली का गं काही?"

"नाही हो भाऊजी. अजून काहीच कळत नाही."

"येईल, येईल. घाई कसली?" ते मायेने हसले. "गरम आहे तोवर घे. तुझ्या ताईच्या शेवटच्या दिवसांत मी हेच द्यायचो. दुसरं काही घेतच नव्हती ती."

धाकटीचा ऊर भरून आला. केवढं केलं या माणसाने ताईचं! तिने चमचा भरून उचलला.

टक.

तिचा हात तिथेच थांबला. समोरचा चमचा पालथा पडला होता.

भाऊजींनी तो पाहिला. त्यांना ना नवल वाटलं, ना त्यांनी काही विचारलं. सवयीचं काम करावं तसा त्यांनी हात लांबवला, चमचा उचलून उताणा ठेवला आणि त्यावर आपला तळवा दाबून धरला.

"घे ना," ते हळूच म्हणाले. "गार होतंय..."

धाकटी त्यांच्या हाताकडे बघत राहिली. तळव्याखाली चमचा हलत होता.