राखून ठेवलेलं ताट

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. हे माझ्या मावसबहिणीच्या, अनुजाच्या घरात घडलंय. कोल्हापुरात, गेल्या मार्गशीर्षात, रविवारी दिवेलागणीला.

अनुजा घरातच खानावळ चालवते. रविवारी संध्याकाळी ती बंद असते. नवरा ऋतुराज हौशी नाटकांत काम करायचा. प्रयोगाहून परतताना अपघातात गेला. घरी त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं.

जुन्या बाजारात जुन्या वस्तू विकणाऱ्या रशीदभाईंनी तिला एक पोस्टकार्ड दाखवलं. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा खानावळीची जाहिरात. चित्रात नाटकगृह, शेजारी पंगत. खाली छापलेलं...

‘नाटक सुटेपर्यंत आपले ताट राखून ठेवू.’

"न्या की वहिनी. कार्डच गिऱ्हाईक बोलावतंय, बोर्ड कशाला लावताय?"

ती हसली नाही. कार्ड भिंतीला लावलं. दर रविवारी त्याच्याखाली ऋतुराजचं ताट वाढून ठेवू लागली.

आणि एका रविवारी...

ताट रिकामं.

पेल्याच्या काठाला लाल रंग. नाटकात तोंडाला फासतात तसला.

अनुजा रडली. आनंदानं.

सकाळी भाकऱ्या करणाऱ्या बायडाबाईंनी ताट उचललं. "चुकून वाढलेला मिरचीचा खरडाबी चाटूनपुसून खाल्लाय की गं! तुझ्या नवऱ्याला तर खरडा सोसायचा न्हाय."

अनुजानं तो पेला पुन्हा उचलून बघितला.

पुढच्या रविवारी ती ताटाकडे पाठ करून बसली.

आधी पाट सरकला.

मग भाकरी मोडल्याचा आवाज...

मग एक थकलेला, अनोळखी आवाज. "फार उशीर झाला, बाई. ताट ठेवलंत... उपकार झाले."



तेवढ्यात बाहेर कुणीतरी चपला काढल्या. उंबऱ्याशी खोकला...

तोच. ऋतुराजचा.

"अनू, जेवाय हाय काय?"

मग शांतता. आत डोकावून बघितल्यासारखी.

"असू दे. बसलंय कोणतरी."

चपला लांब लांब गेल्या.

ती धावली. बोळ रिकामा.

तेव्हापासून अनुजा दोन ताटं वाढते. एक रिकामं होतं. दुसऱ्यातली आमटी तशीच गार होते.

परवा रविवारी मी तिच्याकडे गेलतो. म्हटलं, "काढून टाक की ते कार्ड."

"आणि त्यो उपाशी ऱ्हायला तर?" ती म्हणाली. "त्योबी कुणाचा तरी नवरा असंल की."

आतून पेला खाली ठेवल्याचा आवाज आला...

आम्ही दोघंही बाहेरच्या दाराकडं बघत बसलो.