कमानीखालची बारा माणसं

खंडेनवमीला मनकर्णाबाईंनी भिंतीवरचं चित्र उतरवून पाटावर ठेवलं. त्यांचे यजमान अर्जुनराव धाड गावच्या शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. दर खंडेनवमीला ब्रश, कंपास आणि हे चित्र ते स्वतः पुजायचे. त्यांचं वर्षश्राद्ध श्रावणात झालं, तेव्हा यंदाची पूजा बाईंकडे आली.

चित्र रोमच्या पडक्या इमारतींचं. अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी तांब्याच्या पत्र्यावर कोरून, तेजाबात बुडवून छापलेलं. मातीत अर्धी रुतलेली कमान, तिच्यावर माजलेलं गवत आणि खाली मुंगीएवढी माणसं. लग्नाच्या पहिल्या वर्षी अर्जुनरावांनी बाईंच्या हातात भिंग दिलं होतं.

"आधी माणसं मोज. इमारत केवढी ते मंग समजते."

बारा भरली होती.

"रिटायर झालो का जाऊ तिथं. तुह्याबिगर मी पाय नाही ठेवत."

त्या एका बोलावर बाईंनी बेचाळीस वर्षं काढली. पासपोर्ट निघाले, ते कोरेच राहिले.

आज काच काढून त्यांनी सवयीनं भिंग धरलं. माणसं तेरा होती.

तेरावा कमानीच्या तोंडाशी, पाठमोरा. डावा खांदा जरा उतरलेला, बगलेत छत्री, हुबेहूब अर्जुनरावांसारखी. बाईंनी त्यावरून हलकेच बोट फिरवलं. अशा छापात शाई कागदावर किंचित उठलेली असते, हेही अर्जुनरावांनीच शिकवलेलं. रेघ बोटाला लागली, शेजारच्या जुन्या माणसांइतकीच.

"पूनम, माणसं मोज बरं यातली."

सुनेनं पिठाचे हात पदराला पुसले आणि वाकून मोजलं. "तेरा. काऊन हो आई?"

"बारा होते."

"चष्म्याचा नंबर वाढला तुमचा," पूनम हसली आणि आत गेली.

बाईंना भीती वाटली नाही. रोमला गेले एकदाचे, इतकंच वाटलं. रोज दुपारी त्या भिंग घेऊन बसू लागल्या. अर्जुनराव कमान ओलांडून आत सरकले होते. पुढे एक आडवा पडलेला खांब होता. तिथं बसून ते आपली वाट पाहतील, अशी बाईंची खात्री होती.

"थांबा हो," त्या चित्राला म्हणायच्या. "येतोच मी."

कोजागिरीला ते खांबापाशी नव्हते. खांब ओलांडून पुढे गेले होते आणि छत्री उघडली होती.

छत्रीखाली एक बाई होती.

कमरेला खोचलेला पदर, एका बाजूला कललेली मान. ही मान बाईंच्या रोजच्या ओळखीची. अर्जुनरावांच्याच शाळेतली मास्तरीण कोकिळा, दोन घरं सोडून राहणारी. ते गेल्यापासून ती रोज संध्याकाळी येऊन बसायची. बाईंपेक्षा जास्त रडायची.

बाई तिच्या दारापर्यंत गेल्या. कुलूप होतं. ओट्यावर उभं राहूनच त्यांनी फोन लावला.

"वहिनी, मी शेगावले आली," कोकिळा म्हणाली. "दर्शनाच्या लाइनीत हाव."

फोनमध्ये लाइनीचा गलका नव्हता. वाळल्या गवतातून वारा जात होता.

"गर्दी नाही वाटते?"

"नाही आज."

मग तिच्या जवळच कुणीतरी खाकरलं.

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"कोनाचा फोन हाय?" तो आवाज बेचाळीस वर्षं त्यांच्या घरात होता.

कोकिळेनं तोंड फोनपासून दूर नेलं. "कोनी नाही. राँग नंबर."

फोन बंद करायचं मात्र ती विसरली. दोन जोडी चपला दगडावर वाजत होत्या, सावकाश, बरोबरीनं.