पुढची सीट

रोशनीला अश्विन पहिल्यांदा भेटला तो कंपनीच्या गाडीत, जानेवारीतल्या काळोख्या पहाटे. ती नाशिक रोडला चढायची, तो पुढच्या उपनगर स्टॉपला. तोवर गाडीत फक्त ड्रायव्हर वसीम. अश्विन तिच्या शेजारी बसला आणि थर्मासचं झाकण भरून चहा पुढे केला.

"एकच झाकण आहे... चालेल?"

"आधी कोण पिणार?"

"तू. म्हणजे मला साखर लागणार नाही."

"पहाटे पहाटे सुचतं तरी कसं रे तुला?" ती म्हणाली, पण प्यायली.

हिवाळाभर हेच. काचेवर वाफ, एक झाकण, गुडघ्याला हळूच लागणारा गुडघा. आणि पुढे द्वारकेच्या चौकात उजमा न् बाकीच्या मुली चढल्या, की हा पठ्ठ्या उठून पुढच्या सीटवर. मुलींना जागा हवी, म्हणायचा. मागची जागा रिकामीच राहायची. रोशनी बघायची... आणि गिळायची.

एकदा तिने वसीमला सहज विचारलं, रोज आधी मलाच का घेतोस? तो आरशात न बघता म्हणाला, "अंधारात लेडीज एकटी नको, असा रूल आहे, मॅडम. आधी जेंट्स घ्यायचा."

मॅडम म्हणाला, एवढं तरी.

कंपनीच्या रिसेप्शनला तिचा हा मोठा फोटो लावलेला, 'आमची पहिली ट्रान्स वुमन'. टीम लीडसाठी तिचं नाव निघालं तेव्हा 'पहाटेची जबाबदारी बाईला नको' म्हणून कापलं, जसं आधी उजमाचं कापलं होतं. फोटोत बाई, बढतीत बाई, गाडीत मात्र बायकांची राखण करणारा पुरुष. आणि हा राखणदार अंधारात गल्लीच्या तोंडाशी एकटा उभा असतो तेव्हा काय काय ऐकतो, ते कुणी विचारत नाही.

तिने तक्रार केली, तेव्हा एचआरच्या चैताली मॅडमनी गोड हसून ॲडजस्ट करायला सांगितलं. रोशनी म्हणाली, उद्यापासून मी पहिली चढणार नाही. मग गैरहजेरी लागेल आणि नोकरीवर येईल, मॅडम तशाच गोड आवाजात म्हणाल्या. देवळा गावातल्या घरच्यांनी दार लावल्यापासून ही नोकरीच तिचं छप्पर होती.

कॅन्टीनमध्ये अश्विन कुजबुजला, "मी आधी चढतो, मग तुला घेऊ. कुणाला कळणारही नाही."

"कुणाला कळू नये, हेच तुझं दुखणं. चहा अंधारात, आणि द्वारकेला पुढची सीट! मग कंपनीत आणि तुझ्यात फरक काय?"

ती उठून गेली.

दुसऱ्या पहाटे गाडी आलीच नाही. बोटं बधिर झाली, अंगावर शाल असून. संपलं, तिला वाटलं. नोकरीही, तोही.

मग वळणावर दिवे दिसले. गाडी भरलेली. उजमाने दार सरकवलं.

"ये गं. रोशनीला आधी घेतलंत तर आम्ही कुणी चढणार नाही, असं कंपनीला कळवलंय. सगळ्यांनाच उशीर. लावू देत गैरहजेरी. या अश्विनने काल एकेकीला फोन केला. तुला काय पडलंय एवढं, विचारलं तर काय म्हणाला, त्यालाच विचार."

अश्विन मागे बसला होता. शेजारची जागा मोकळी. कान लालबुंद, पण जागचा हलला नाही.

"माझं प्रेम आहे तिच्यावर, म्हणालो," तो म्हणाला. "तुलाच सांगायचं राहिलं होतं..."

रोशनी त्याच्या शेजारी बसली. त्याने झाकण पुढे केलं.

"साखर?" तिने विचारलं.

"घातलीच नाही."

तिने एक घोट घेतला. कडू. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाकण त्याच्या हातात दिलं. तो प्यायला.

"गोड आहे," अश्विन म्हणाला, पुढच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं.